चाच्यांचे दात

"टोपीला धरू नकोस! खालच्या चकतीला धर. किती वेळा सांगायचं?"

"अगं, वाळलाय की तो," असं म्हणून दादाने कप्तानाला परत टोपीलाच धरलं आणि खोक्यात ठेवलं.

रविवारची सकाळ, माझं जेवणाचं टेबल. खोक्यात प्लॅस्टिकचे सव्वीस समुद्री चाचे, एकेक अंगठ्याच्या पेराएवढा. दादाला या खेळाचं भारी वेड. टेबलावर निळं कापड अंथरायचं, त्यावर जहाजं आणि चाचे मांडायचे, फासे टाकायचे आणि पन्नाशी उलटलेल्या बाप्यांनी "मारला, मारला!" म्हणून बोंबलायचं. त्यांच्या क्लबात बिनरंगाचा चाचा टेबलावर चालत नाही. तेव्हा चाचे आणायचे दादाने आणि रंगवायचे मी. का? तर म्हणे, "तुझा हात बारीक आहे ना, छकुले." छकुली सत्तेचाळीस वर्षांची झाली, तिला चष्मा लागला, हे कोणाच्या खिजगणतीत नाही.

हात बारीक असणारच. चोवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये आहे मी. कॅप, ब्रिज, कवळ्या. डॉक्टर माप पाठवतात, मी दात घडवते, शेजारच्या दाताशी रंग जुळवते, आणि पेशंट आरशात बघून म्हणतो, "वा डॉक्टर, काय दात केलात!" त्याचं मला काही नाही. ती नोकरी आहे. चाच्यांचं तसं नव्हतं. आठ महिने रोज कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन, खिडकीशी बसून मी एकेक तोंड रंगवलं होतं. त्यातला स्वयंपाक्या कोणावर डाफरतो, तोफवाला कोणाला घाबरतो, सगळं मला ठाऊक होतं. दादाला विचाराल तर त्यांची संख्यासुद्धा खोक्यावर बघून सांगेल.

"आज स्पर्धा आहे. तूही चल," तो म्हणाला. मी खुळ्यासारखी खूश झाले. चांगले कपडे घालून गेले.

हॉलमध्ये आमच्या ताफ्यापुढे एक पुठ्ठा उभा होता. वर छापलेलं, 'स्वतः रंगवलेला ताफा'. खाली 'हे काम माझ्या हातचे आहे' अशी ओळ आणि तिच्यापुढे दादाची सही. ठसठशीत, नावाखाली दोन रेघा मारून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, हे काय?"

"अगं, या गटात स्पर्धक कमी असतात," तो कुजबुजला. "शिवाय तू काही क्लबाची मेंबर नाहीस."

सोबत आलेल्या वहिनीने माझा दंड धरला. "असू द्या हो ताई. आपलेच दात, आपलेच ओठ. बक्षीस काय, घरातच येणार."

दातांचं हिने मला शिकवावं! आयत्या बिळावर नागोबा बसलाय तो बसलाय, वर नागीण मला समजूत घालतेय. तरी गप्प बसले. चारचौघांत तमाशा नको म्हणून जन्मभर जशी बसत आले तशीच.

परीक्षक म्हणून एक म्हातारे घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तोफवाल्याला चकतीला धरून उचललं. मला तेवढ्यानेच बरं वाटलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "अरे, याला दात आहेत!" मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. "सगळ्यांना आहेत. आणि प्रत्येकाचे निराळे! कसं जमवलंत हो हे?"

दादा खुशीत आला. "त्यात काय एवढं? पांढरा रंग घ्यायचा, बारीक ब्रश घ्यायचा आणि टिपके देत जायचं."

"पांढरा?"

एवढ्या मोठ्यांदा मी ओरडले की पलीकडच्या टेबलावरचे फासे थांबले.

"पांढरा दात कुणाचा असतो रे? हा तोफवाला तंबाखू चघळतो, याचा दात मुळाशी तपकिरी, टोकाला राखाडी. हा कोवळा खलाशी, याच्या दाताची कड निळसर, कारण तरण्या दाताच्या टोकातून उजेड आरपार जातो. कप्तानाचे पुढचे दोन घासून पिवळे पडलेत, झोपेत दात खातो मेला! सव्वीस तोंडं, सव्वीस छटा! पांढरा म्हणे! पांढरं संडासाचं भांडं असतं!"

माझ्या कामावर सही ठोकली तेव्हा गिळलं होतं मी. पण पांढरा? ते नाही गिळवलं.

घड्याळजींनी भिंग काढलं. "रंगवले कुणी?"

"हिने जरा मदत..." दादा पुटपुटला.

"मी," मी म्हणाले. "सगळे. मीच."

त्यांनी पुठ्ठ्यावर आडवी रेघ मारली. "नियम आहे, ताफा बाद." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी तुमचे स्वतःचे घेऊन या."

"माझा स्वतःचा एकही नाही," मी म्हणाले. ते ऐकून माझं मलाच कसंसं झालं.

गाडीत दादाचा पारा चढला. "अब्रू घालवलीस माझी! घरी बोलायचं होतंस."

"घरी कधी ऐकलंयस?"

"आणि चाचे माझे आहेत. विकत मी आणलेत."

"चाचे तुझे. रंग माझा."

"मग घे काढून तुझा रंग!" तो खेकसला. "घे, बघू!"

"बरं," मी म्हणाले आणि घराशी खोकं घेऊन उतरले.

लॅबमधून आणलेलं स्पिरिट बरणीत ओतलं आणि पहिला कप्तान बुडवला. पाच-दहा मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासला. कोटाचा लाल गेला, दाढी गेली, शेवटी दात गेले. मग स्वयंपाक्या, मग तोफवाला. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू? रडत होते, घासत होते आणि येतात तेवढ्या शिव्या दादाला घालत होते. कोवळ्या खलाशाच्या वेळी हात थांबला होता. मग तोही घासला.

संध्याकाळी दादा खोकं न्यायला आला. उघडून बघतो तर सव्वीस करडी प्लॅस्टिकं. नाकं आहेत, डोळे नाहीत. आता ओरडेल, म्हटलं. माझी उत्तरं तयार होती. निदान आज तरी कडाक्याचं भांडण होईल, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

त्याने एक चाचा बोटांत फिरवला, जागेवर ठेवला, झाकण लावलं.

"जाऊ दे, झालं ते झालं," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "आता परत कधीपर्यंत होतील, छकुले?"

मी खोकं त्याच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. मग बरणी धुवायला बसले. तळाला मातकट गाळ बसला होता. घासणीने निघेना, तेव्हा बोटाने खरवडला. सोमवारी लॅबमध्ये हातमोजे चढवताना तो अजून नखात होता.