घोटभर पाण्याचे वजन

मित्रांनो, कसबा बावड्यातल्या एका तालमीच्या कोपऱ्यात गंज पांघरून उभा असलेला मी एक जुना वजनकाटा आहे. तरुणपणी मी गूळबाजारात ढेपा तोलल्या. "ह्यो काटा लबाडी करत न्हाई," असे शेतकरी म्हणत, तेव्हा माझी दांडी अभिमानाने थरथरे. १९९४ साली वस्ताद आण्णांनी मला तालमीत आणले आणि ढेपांच्या जागी माणसे उभी राहू लागली. गुळाला भूक नसते, हे मला तेव्हा उमगले.

तालमीतला सम्राट सतरा वर्षांचा होता आणि त्याचे वजन त्रेसष्ट किलो. २००३ साली जिल्ह्याच्या निवड चाचणीला आठ दिवस उरले असताना आण्णांनी त्याला अठ्ठावन्न किलोंच्या गटात उतरवायचे ठरवले. त्या गटात समोरचे पैलवान कच्चे होते.

"पाच किलो म्हंजे काय रं? नुसता घाम त्यो!" आण्णा हसले. "भाकरी बंद, दूध बंद. शेवटचं दोन दिवस पाणी बी बंद. घोंगडं गुंडाळ आन् पळ."

तालमीत वस्तादाला उलट विचारायची रीत नाही. सम्राट पहाटे धावे, धापा टाकत येई आणि माझ्यावर उभा राही. आकडा उतरला की पोरे आरोळी ठोकत. मला मात्र त्याच्या तळव्यांची थरथर जाणवे. मला फक्त वजन सांगता येते. गेले ते पाणी की चरबी की रक्त, हे माझ्या दांडीवर कोरलेले नाही.

त्याची आई शालूबाई रोज तांब्या घेऊन दाराबाहेर उभी राही. बाईमाणसाने तालमीच्या मातीत पाऊल टाकायचे नाही, हीही एक रीतच.

"आण्णा, पोराचं व्हट फुटल्यात वो! घोटभर तरी पाजू द्या की."

"वैनी, पैलवानाची आई हायसा न्हवं? जावा घराकडं."

चाचणीच्या सकाळी माझी दांडी अठ्ठावन्नच्या वर तीनशे ग्रॅमवर अडली.

"थुक, सम्राट. थुकत ऱ्हा. उतरतंय बघ," आण्णा म्हणाले.

त्याच्या तोंडात थुंकीही उरली नव्हती. मित्रांनो, त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा मला खोटे बोलावेसे वाटले. पण लोखंडाला दया दाखवता येत नाही. मी खरेच सांगितले, आणि तो माझ्याच पाटावर कोसळला. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांत ओळख पुसट झालेली.

दाराबाहेर शालूबाईने तांब्या छातीशी धरला होता. उंबरा ओलांडून ती थेट मातीत आली.

"खड्ड्यात गेली तुमची रीत! माझं लेकरू वाळलं हितं!"

बोटे बुडवून ती त्याचे ओठ भिजवू लागली. कोणी तिला अडवले नाही. मग आण्णांनीच त्याला खांद्यावर घेतले आणि रिक्षाकडे धावले.

सम्राट वाचला, त्याची मूत्रपिंडे मात्र कायमची दुखावली. कुस्ती सुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या, ते आण्णांनी पुढे मान खाली घालून पोरांना सांगितले: "वजन उतरवायचं तर म्हैन्याला दोन किलो, जेवून-खाऊन, पाणी पिऊन. डॉक्टरला इचारून. आन् वाढत्या पोराला त्याच्याच वजनात लढवायचं. माझं चुकलं."

पण मी अजून इथेच आहे, मित्रांनो. अजूनही कोणीतरी उपाशीपोटी येतो, सदरा काढतो, श्वास सोडून माझ्यावर चढतो आणि माझ्याकडे देवाकडे पाहावे तसे पाहतो. मी देव नाही. मला ओरडता येत नाही, म्हणून विनवतो: माझ्याकडे येण्याआधी पोटभर पाणी पिऊन या. तेवढ्याने आकडा चढला, तर चढू द्या.