एका तारेतल्या दोन वाटा

आनेलोरेबाई सुट्टीला या शेतावर पाहुण्या म्हणून आलेल्या. न्याहारी करता करता मोबाइल चाळताना त्यांना दूध काढणाऱ्या यंत्राचं पान दिसलं आणि गंमत म्हणून त्यांनी एक बटण दाबलं. तिकडे गोठ्यात यंत्राचा हात इत्स्के गाईच्या कासेखाली अडकला. गाय बिथरली, लाथा झाडू लागली आणि तिचा सड फाटला.

"पाहुणे आणि गाई एकाच वायफायवर? धर्मशाळा आहे का ही?" येल्मर बहिणीवर बरसला. "तुझ्या खोल्या बंद कर, वीत्स्के. आजच!"

चूक वीत्स्केचीच होती. वायफाय तिनेच जोडलं होतं. पण वाटणीत गाई भावाकडे गेल्या होत्या. तिचं पोट पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या चार खोल्यांवर आणि कुरणातल्या तंबूंवर होतं.

"दुपारपर्यंत थांब. दोन्ही वेगळं करून दाखवते."

घरापासून गोठ्यापर्यंत अंगणाखालून एकच केबल गेलेली. गोठ्यातलं यंत्र तिच्यावर, आणि तंबूंसाठी गोठ्यावर लावलेलं वायफायही तिच्यावरच. अंगण खणायचं नव्हतं. म्हणून तिने दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेत दोन वेगळ्या वाटा, केले: तार एकच, पण गोठ्याच्या निरोपांवर एक खूण, पाहुण्यांच्या निरोपांवर दुसरी, एकाचं दुसऱ्याला दिसायला नको. पाहुण्यांच्या वायफायला नवं नाव दिलं, नवा पासवर्ड दिला आणि सगळं सेव्ह केलं.

थोड्याच वेळात गोठ्यातून गाईंचं हंबरणं ऐकू येऊ लागलं.

येल्मर चिखलाच्या बुटांनीच ऑफिसात घुसला. "यंत्राचं फाटक उघडत नाही! आत कुठली गाय आलीय तेच त्याला कळत नाही. मागे रांग तुंबलीय, एकमेकींना ढुसण्या देतायत. होतं तसं करून टाक!"

होतं तसं करणं एका बटणाचं काम होतं. वीत्स्केचं बोट त्यावर गेलंही. पण मग खोल्या बंद कराव्या लागल्या असत्या.

"एकदा नीट बघू दे."

"गाई खाली पडतील आणि तू बघत बस!"

"ओरडू नकोस, येल्मर! मला वाचू दे."

तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. ती एकेक जोडणी वरून वाचत गेली. गोठ्याच्या केबलपाशी आली आणि तिथे चूक सापडली. त्या केबलवर तिने फक्त पाहुण्यांचीच वाट जोडली होती. म्हणजे यंत्र गाई ओळखणाऱ्या घरच्या कंप्युटरपासून तुटलं होतं आणि नेमकं पाहुण्यांच्याच घोळक्यात जाऊन पडलं होतं. ज्याला आवर घालायला बसली, तेच तिने आपल्या हाताने करून ठेवलं होतं.

तिने केबलवर दोन्ही वाटा जोडल्या. मग लॅपटॉप काखेत मारून गोठ्याकडे धावली. तिथे केबलच्या जोडण्या वाटणाऱ्या स्विचलाही तेच सांगायला हवं होतं. येल्मर खांदा लावून पुढची गाय रेटून धरत होता. तिने लॅपटॉपची केबल स्विचमध्ये खुपसली, दोन ओळी बदलल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग फुस्स आवाज करत फाटक उघडलं आणि गाय निमूट आत शिरली.

वीत्स्केने आनेलोरेबाईंना बोलावून आणलं. त्या ओशाळून गोठ्याच्या दारातच उभ्या राहिल्या.

"शोधा आता मोबाइलवर यंत्र," वीत्स्के म्हणाली.

बाईंनी नव्या वायफायवरून बराच वेळ शोधलं. "बातम्या दिसतायत," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाई काही दिसत नाहीत."

त्या गेल्यावर येल्मरने हात पँटला पुसले आणि बहिणीशेजारी उकिडवा बसला.

"खोल्या राहू देत," तो म्हणाला. "पण हे मला शिकव. तू गावाला गेलीस आणि फाटक अडलं, तर मी कुणाच्या नावाने बोंबलू?"