दातांच्या डॉक्टरांची विचारपूस

दातांच्या डॉक्टरांना आपल्या गप्पिष्टपणाचा भारी अभिमान होता. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून प्रश्न विचारायचे आणि "आं" आलं की आपल्याला सोयीचं उत्तर धरून पुढे जायचं, ही त्यांची वीस वर्षांची पद्धत. आजवर एकाही पेशंटने त्यांचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं, आणि याचं श्रेय ते स्वतःच्या समजूतदारपणाला देत.

त्या दुपारी खुर्चीत त्यांची सोळा वर्षांची लेक होती. जबडा दुखतोय म्हणून आठवडाभर सांगत होती आणि डॉक्टर रोज "बघू" म्हणत होते. शेवटी बायकोने डोळे वटारले तेव्हा कुठे तिचा नंबर लागला.

त्यांनी आरसा आत घातला आणि दिवा आणखी जवळ ओढला. दाढा घासून सपाट झाल्या होत्या. गालाच्या आत चावल्याची पांढरी रेघ उमटली होती. झोपेत दात खाणाऱ्याचं तोंड ते लांबून ओळखत. परवाच एका शाळकरी मुलाच्या आईला त्यांनी सुनावलं होतं, "मुलाच्या मनात काहीतरी चाललंय, जरा लक्ष देत जा." बिचारी मान खाली घालून गेली होती. ते आठवून आता डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लेक रोज समोर बसून जेवत होती, आणि या शहाण्याला ती दिसायला दिवा आणि आरसा लागला होता.

"अभ्यासाचं टेन्शन आहे का गं?"

"आं."

"नाही ना? वाटलंच. मैत्रिणींशी वाजलं?"

"आं आं."

"होतं या वयात. झोपताना दातांवर लावायला मस्त कव्हर बनवून देतो, बघच तू."

लेकीने त्यांचं मनगट धरलं आणि हात बाहेर काढला.

"बाबा, तू मला विचारतोयस की स्वतःलाच?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतंच, ते नाही असं कधी झालंच नव्हतं. तेवढ्यात तिने ट्रेमधला कापसाचा बोळा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हा दातात धर. मग सांगते."

डॉक्टरांनी मास्क खाली ओढून मुकाट्याने बोळा दातात धरला. मदतनीस बाई दारातून डोकावल्या आणि साहेबांचा अवतार बघून तशाच मागे फिरल्या.

"तीन आठवडे मी वर्गात बसलेच नाहीये. दारापर्यंत जाते आणि श्वास अडकतो. मग शाळा सुटेपर्यंत खालच्या बाथरूममध्ये बसून राहते. तुला दोनदा सांगायला आले होते. दोन्ही वेळा तू म्हणालास, होईल सगळं ठीक."

डॉक्टरांच्या घशाशी सात उपाय, दोन ओळखीचे तज्ज्ञ आणि स्वतःच्या शाळेतली एक गोष्ट एकदमच आली. त्यांनी बोळा आणखी घट्ट चावला. डोळे भरून आले, पण तिथे बोळा लावायची सोय नव्हती.

लेक थांबली. नेहमी इथे बाबा बोलायला लागतो, म्हणून तिने जरा वाट पाहिली. बाबा बोलला नाही. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता तिने बाकीचं सगळं सांगितलं.