वाल्मीकच्या बारशातल्या शिंका

झरीत आश्रुबाच्या घराला लोक पेंगणारांचं घर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आश्रुबा अफू खायचा, त्याची बायको धुरपदाबाई खायची, आणि मुलगा सुग्रीव तर जन्माच्या बाराव्या दिवसापासून खात आला होता. बारशाला आज्यानं नातवाच्या ओठाला दुधात उगाळलेली पहिली गोळी लावायची, ही त्या घरची रीत. लेकरू झोपतं, बाई रानात जाते, ज्वारी वेळेवर निघते. पुढं तेच लेकरू मोठं होऊन औतामागं पेंगतं आणि बैल आपले आपणच वळतात. सुग्रीवचे बैल गावात सगळ्यात हुशार मानले जात, ते याच कारणानं.

सुग्रीवची बायको मनकर्णा हे बघून हसायची. पण कुशीत आठ दिवसांचा मुलगा घेऊन बाजेवर पडल्यावर तिचं हसू पळालं. माहेरी तिच्या धाकट्या भावाला सुगीत अशीच गोळी दिली होती. आई रानातून परत आली तर तो उठलाच नाही. मनकर्णाला आपलं लेकरू जागं हवं होतं, मग ते घर डोक्यावर घेईना का.

अफूची डबी तिच्याच खोलीत होती. अफू आता सरकारी कार्डावर मिळे, तीही बेताची, आणि बापलेक एकमेकांची पळवत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाहीत, म्हणून धुरपदाबाईनं डबी तिथल्या कोनाड्यात ठेवली होती. शेजारीच बाळाच्या औषधांचा बटवा, आणि त्यात काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. बाळाचं पोट फुगलं तर वरून लेप द्यायला आणि मोठ्याचं तुंबलं तर पोटात द्यायला. अफूसारखाच रंगानं काळा, चवीला कडूजहर. मनकर्णानं अफू न्हाणीच्या मोरीत सोडली, बोळाच्या गोळ्या वळल्या आणि डबी जागच्या जागी ठेवून दिली.

अफूनं त्या तिघांची पोटं वर्षानुवर्षं कुलूपबंद होती. दुसऱ्याच दिवशी कुलपं उघडली. घरात तांबे दोन, माणसं तीन. ओढ्याकडं जायला बापलेकांची शर्यत लागू लागली. वर अफू तुटली की येतात तशा जांभया, डोळ्यांना धारा, रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि शिंकांवर शिंका.

"निझामाच्या काळात असा माल नव्हता," आश्रुबा धोतर सावरत ओरडला. "ह्या सरकारनं अफूबी बिघडवली!"

चौथ्या दिवशी बारसं होतं. नाव ठेवायला आत्या, म्हणजे बोरीला दिलेली कोकिळा आली. आयाबाया पाळण्याभोवती जमल्या. कोकिळा बाळाच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र..."

"आऽऽक्छी!" आश्रुबा.

शिंक म्हणजे अपशकून. सगळ्या थांबल्या. थोड्या वेळानं कोकिळा पुन्हा वाकली तर सुग्रीव शिंकला. तिसऱ्यांदा वाकली तर खुद्द धुरपदाबाई. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"आधी लेकराला गोळी द्या," धुरपदाबाई नाक पुसत म्हणाली. "रीत राहिली, म्हून हे असं व्हायलंय."

आश्रुबानं डबी मागवली, गोळी सहाणेवर दुधात उगाळली आणि बोट बुडवलं. अफू टाळताना हे मनकर्णाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन थोरांना ओढ्याकडं पळवणारा बोळ बारा दिवसांच्या पोटात! आणि खरं बोलावं, तर उद्या खरी अफू येणार. सासऱ्यापुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, मधे शिरली आणि सासऱ्याचं मनगटच धरलं.

"मामा, ती अफू न्हाई. काळा बोळ हाय. म्याच बदललाय. पाया पडते, माज्या लेकराला निजवू नका."

आश्रुबानं बोटाकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तांब्याकडं पाहिलं.

"म्हंजी... तीन दिस..."

बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "हिला आत्ताच्या आत्ता..." म्हणत सुग्रीव ताडकन उठला, पण पोटानं वेगळाच हुकूम दिला आणि तो तांब्या उचलून पळाला. त्या गलक्यानं बाळ जागं झालं आणि त्यानं टाहो फोडला.

आश्रुबाचं बोट तसंच हवेत राहिलं.

"लय मोठ्यानं रडायलंय की," तो म्हणाला. मग बायकोकडं वळला. "आपला सुग्रीव कसा रडायचा गं?"

धुरपदाबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. "रडायचाच न्हाई त्यो."

"मग रांगला कवा? चालला कवा?"

"मला न्हाई याद. तुमाला?"

त्यालाही आठवत नव्हतं. घरात वाढलेला एकुलता एक मुलगा, आणि दोघांपैकी कोणी त्याला वाढताना पाहिलंच नव्हतं. म्हातारी मुसमुसून रडू लागली. मनकर्णाला पहिल्यांदाच तिची दया आली.

आश्रुबानं बोट धोतराला पुसलं आणि दोन्ही हातांनी नाक गच्च दाबून धरलं.

"ठिव नाव, कोकिळे. लवकर!"

"कुर्रर्र, वाल्मीक!" कोकिळा घाईनं म्हणाली, आणि लगेच आश्रुबा असा शिंकला की ताटातल्या घुगऱ्या उडाल्या.

बायका आपापल्या घरी गेल्या तरी वाल्मीक रडतच होता. मनकर्णा पाळणा हलवून दमली. म्हातारा आता अफूचं कार्ड घेऊन निघणार, अशी तिला धाकधूक होती. तेवढ्यात तो जांभया देत, नाक ओढत दारात आला. तिनं घाईनं पाळण्याची दोरी मुठीत घट्ट धरली.

"आण ती दोरी हिकडं," आश्रुबा म्हणाला. "तू नीज जरा, पोरी. मला काय आता चार-आठ दिस झोप येत न्हाई."