गुडघ्यातलं वंगण

घरात कुणाचे गुडघे दुखू लागले की जो तो डॉक्टर होतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पंचवटीतल्या निवृत्ती गायधनींच्या घरी तर ही डॉक्टरकी खुद्द घरधन्यानेच हाती घेतली होती. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेला हा भला फिटर. पत्नी मालनबाईंच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजलीय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांना एवढंच उमगलं की वंगण संपलंय, भरलं की झालं. ओळखीतल्या एकाने कूर्चा नव्याने भरून काढणारी पावडर दिली आणि निवृत्तीराव तिचे भक्तच बनले, ओळखीच्यांनाही ती वाटू लागले. मालनबाईंचे व्यायाम सुटले, दुधातून पावडर सुरू झाली.

गोजराबाई कीर्तनकारांनाही त्यांनी ती आग्रहाने दिली होती. बाईंचेही गुडघे अधू. पण गादीवर उभ्या राहून त्या गाऊ लागल्या की ऐकणाऱ्याची तहानभूक हरपायची.

एका दुपारी त्या चहाला आल्या. निवृत्तीराव म्हणाले, "ताई, आज कीर्तनात पावडरीबद्दल दोन शब्द बोला. तुमच्या तोंडून आलं की लोकांना पटतं."

"म्हणून तर जपून बोलावं लागतं हो. काय गं मालन, उतार पडला का?"

"पडला की." मालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मग जरा साखर आण बरं."

मालनबाई ओठ दाबून, भिंतीला धरून उठल्या.

"राहू दे, बस. चहा गोडच आहे," गोजराबाई हळूच म्हणाल्या. "निवृत्तीराव, बेअरिंग घासून गेलं तर ग्रीस भरून ते पुन्हा पहिल्यासारखं होतं का?"

"छे, ग्रीसने घर्षण कमी होतं. गेलेला धातू कसा परत येईल?" बोलता बोलता ते थबकले.

"मी डॉक्टरांना विचारलं. या पावडरीने कुणाकुणाला दुखणं हलकं वाटतं, म्हणाले. पण झिजलेली कूर्चा भरून आल्याचा पुरावा नाही. मांड्यांचे व्यायाम करते म्हणून मी उभी राहते. आता तेही जड जातंय."

"पण हिचं कीर्तनाला येणं सुटलंय हो," निवृत्तीराव म्हणाले. " खाली बसवत नाही आणि खुर्ची नको म्हणते."

"गादीसमोर उंच बसू?" मालनबाई पुटपुटल्या. "पावडर लागू पडेल म्हणून वाट बघत होते. नाही पडली म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."



संध्याकाळी मंदिरात गोजराबाईंनी गादीला नमस्कार केला, स्टूल मागवलं आणि चक्क बसल्या. सभेत कुजबुज झाली.

"मंडळी, माझी कूर्चा झिजलीय. पावडरीने ती परत आलेली नाही. आली म्हणाले तर देवाच्या दारात खोटं बोलल्यासारखं होईल. उभं राहवेल तेव्हा राहीन, एरवी बसून गाईन. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी खुर्ची घ्या. नाम कानांनी ऐकायचं असतं."

केवढं धैर्य त्या माउलीचं! निवृत्तीराव तडक घरी गेले. "चल, चप्पल घाल," एवढंच म्हणाले. मंदिरात त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची मांडली, तिच्यावर मालनबाई बसल्या आणि नामाबरोबर त्यांची टाळीवर टाळी पडू लागली.

दुसऱ्या सकाळपासून ते ज्यांना ज्यांना पावडर दिली होती त्यांच्या दारी गेले. "माझं चुकलं. डॉक्टरांना दाखवा," म्हणाले. घरी मालनबाईंचे व्यायाम पुन्हा सुरू झाले.

बंधुभगिनींनो, पूरक औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत, पण त्यांच्याकडून चमत्कार मागू नये. आणि आपल्या माणसाला "उतार पडला का?" असं विचाराल, तेव्हा "नाही" ऐकून घेण्याची तयारी ठेवा.