पैलवानाची खोली

घरात आतून कडी लागेल अशी दारं तीनच होती. एक बाहेरचं, एक न्हाणीघराचं आणि एक वजनखोलीचं. बाहेरच्या दाराच्या आत तर सगळेच. न्हाणीघरात जरा जास्त वेळ झाला की बाहेरून "झालं का?" आलंच म्हणून समजा. आणि वजनखोलीत अण्णांशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, हा घरातला कायदा.

अण्णा म्हणजे सासरे. त्यांची सगळी नोकरी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेली. निवृत्त होताना खात्याने मोडीत काढलेले तराजू त्यांनी घरी आणले आणि घरातल्या सगळ्यात लहान, पण एकमेव सुट्या खोलीत मांडून ठेवले. रोज सकाळी ते पितळी पारडी कोरड्या फडक्याने पुसत. बायकोची एवढी विचारपूस त्यांनी जन्मात केली नसेल. बाहेर जाताना खोलीला कुलूप आणि किल्ली खिशात.

सूनबाईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. नवरा मालवाहू बोटीवर कामाला, महिनोन् महिने समुद्रात. ती स्वतः खिडकीपाशी टेबल टाकून घरूनच नोकरी करायची, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं आणि लाल बटण दाबलं की फोन तिच्या कानात वाजे. "घाबरू नका. दार ओढू नका. आमचा माणूस निघालाय," ती सांगे. मागे सासूबाईंचा टीव्ही चालू, आणि अण्णा येता-जाता शेरा मारणार, "दारं आपटतात लेकाचे, म्हणून बिघडतात लिफ्टा." नवऱ्याचा फोन आला तरी हीच सभा जागेवर बसलेली. त्याच्याशी ती हवापाण्यापलीकडे काही बोललीच नव्हती. काय बोलणार? सोफ्यावर रडायचं तरी चोरी होती.

तिच्या टेबलाशेजारी काचेच्या पेटीत पैलवान राहायचा. पैलवान हा नवऱ्याने हौसेने आणलेला दाढीवाला सरडा, हातभर लांब. राग आला की गळ्याखालची काटेरी कातडी काळी करून फुगवायचा आणि पुढच्या पायांवर जोर काढायचा, म्हणून हे नाव. त्याचं सगळं सूनबाईकडे. दिवसा वरून ऊन देणारा दिवा, पाला चिरून, दुकानातून आणलेले जिवंत किडे, आणि त्या किड्यांवर भुरभुरलेली कॅल्शियमची पांढरी पावडर. नवऱ्याने जाताना बजावलं होतं, पावडर चुकवायची नाही.

पण घरात तराजू असल्यावर माणूस गप्प बसतो का? अण्णा दर आठवड्याला पैलवानाला पारड्यात घालत. अलीकडे वजन चढायला लागलं. पोट दोन्ही बाजूंना फुगलं.

"ढेरी सुटलीय याला," अण्णांनी निकाल दिला. "बसून खातोय नुसता. किडे निम्मे करा. आणि ती पावडर बंद. वजन वाढवायच्याच असतात असल्या पावडरी."

"अहो, पण यांनी सांगितलं होतं..." सूनबाईने म्हणून पाहिलं.

"त्याला काय कळतंय? वजनाचं मला विचारा."

तिने तोंड मिटून घेतलं. या घरात तोंड मिटायचा तिला चांगलाच सराव झाला होता.

मग पैलवानाने खाणंच सोडलं. दिवसभर काचेवर पंजे मारायचा, घसरायचा, कोपऱ्यात जाऊन पेटीचा तळ उकरायचा, पुन्हा काचेशी यायचा. येणारा-जाणारा वाकून बघे आणि काचेवर टिचकी मारे. "खेळतोय बघ कसा," अण्णा म्हणत. सूनबाई कानातल्या माणसाला "दार ओढू नका" सांगत असे आणि शेजारी नखं खरखरत असत. एका सकाळी खरखर थांबली. पैलवान डोळे मिटून सपाट पडला होता. तिने त्याला टॉवेलात गुंडाळलं, गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवली आणि प्राण्यांच्या दवाखान्याची वाट धरली. अण्णा निघालेच बरोबर. वजन त्यांनाच ठाऊक होतं ना!

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला आणि फोटो उजेडासमोर धरला. पोटात गोल गोल सावल्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

"हा पैलवान नाहीये. ही बाई आहे," त्या म्हणाल्या. "अंड्यांनी भरलीय."

"पण घरात दुसरा सरडाच नाही," अण्णा म्हणाले.

"नसू दे. नराशिवायही घालतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. हिला खायला काय देताय? हाडं इतकी फिकट का दिसतायत?"

"डाएटवर होती," सूनबाई म्हणाली. "पावडर बंद केली होती."

"कुणी सांगितलं?"

अण्णा छताचा पंखा बघण्यात गढून गेले.

डॉक्टरीणबाईंनी चिमुकल्या पिचकारीने पैलवानाच्या तोंडात औषध सोडलं. मग सूनबाईकडे वळून त्या सावकाश बोलल्या. "दिवसभर काच उकरते म्हणताय ना, ती जागा शोधत होती. खोल ओलसर माती हवी, ऊब हवी, आणि मुख्य म्हणजे कुणाची नजर नको. चारी बाजूंनी काच आणि सगळे बघतायत, अशा ठिकाणी ही अंडी घालत नाही. पोटात धरून ठेवते. धरून धरून मरते. उद्या संध्याकाळपर्यंत नाही झालं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि इतक्या अशक्त जिवाला भूल झेपेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

सूनबाईने मान हलवली. जागा शोधत होती म्हणे. इतके दिवस हिच्या शेजारी बसून आपल्याला कळू नये?

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. "वजनखोली उघडा," ती म्हणाली.

"काय?" अण्णांचा विश्वास बसेना. "ओली माती? माझ्या तराजूंजवळ? गंजून जातील सगळे! न्हाणीघरात ठेव तिला."

"तिथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी जातं."

"मग स्वयंपाकघर..."

"अण्णा," सूनबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलताना येतो तसा. "उपाशी तुम्ही ठेवलंत तिला. मेली तर हे बोटीवरून उतरल्यावर तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगणार नाही."

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. या घरात एवढी शांतता बऱ्याच काळाने ऐकू आली. अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि हातात न देता टेबलावर ठेवली. तेवढा तोरा राहू दिला स्वतःसाठी. सासूबाई उठल्या आणि कपडे भिजवायचा मोठा टब घेऊन आल्या.

टबात ओली माती भरली, वर दिवा टांगला, झरोक्यावर चादर लावली. सूनबाईने पैलवानाला आत सोडलं आणि पहिल्यांदाच त्या दाराला आतून कडी घातली. तासातासाने लांबूनच एक नजर टाका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. नोकरीवरून तिने रजा घेतली. तराजूंच्या मांडणीमागे, टबाकडे पाठ करून, ती जमिनीवर बसली.

तिचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. ही गोष्ट कळायलाही तिला वेळ लागला. तिने उगाच तोंड वाकडं करून पाहिलं. जीभ बाहेर काढली. मग रडू आलं, ते तिने येऊ दिलं, नाक ओढायचीही पर्वा केली नाही. फोन काढला, नवऱ्याला लावला आणि लग्न झाल्यापासून सांगायचं राहिलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू कधी बोललीच नाहीस." ती म्हणाली, "जागाच कुठे होती?"

पाठीमागे टबात माती उकरल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दुपारी तिने वळून पाहिलं तर पैलवान नाकाने माती थोपटत होती. अंगाचं चिपाड झालेलं, कातडी लोंबलेली, पण डोळे टक्क उघडे. माती बाजूला केली तर आत द्राक्षांएवढी पांढरी, मऊ अंडी, खच पडला होता नुसता. सूनबाईने डॉक्टरीणबाईंना फोन केला, पुढचं औषध विचारून घेतलं, मग किडे आणि पावडर आणायला बाहेर आली. पैलवानाने अधाशासारखे किडे मटकावले. जीव वाचला होता. अंडी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी सारली आणि पुन्हा आत गेली.

दारावर टकटक झाली. "झालं का?" अण्णा विचारत होते.

हो म्हटलं की टब बाहेर, तराजू आत, कुलूप आणि सोफा. तिला ते सगळं एका क्षणात दिसलं. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

संध्याकाळी ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा अण्णा हातात फोन घेऊन उभे होते. "मुदत संपली ना? लावतो डॉक्टरांना. ऑपरेशन तर ऑपरेशन, एकदाचं होऊन जाऊ दे."

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई कचऱ्याची पिशवी बांधत उभ्या होत्या. पिशवीत वर्तमानपत्राचं पुडकं वरच दिसत होतं, उघडून पुन्हा नीट मिटलेलं. सूनबाईने अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

"ठेवा तो फोन खाली," सासूबाई म्हणाल्या. "मघाशीच बोलणं झालंय आमचं डॉक्टरांशी. वेळ लागेल म्हणाल्या. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

अण्णा पुटपुटत आतल्या खोलीत गेले. सासूबाईंनी पिशवीची गाठ घट्ट केली आणि सुनेच्या जवळून जाताना आवाज खाली आणला.

"त्या दाराची कडी नुसती सरकवलीस तर बाहेरून ढकलल्यावर उघडते. आधी जरा वर उचलायची, मग सरकवायची."

एवढं बोलून त्या पिशवी घेऊन जिना उतरल्या. सूनबाई तशीच उभी राहिली. आतल्या कडीची खोड आत बसल्याशिवाय कळत नाही. अण्णा कधी किल्ली विसरले असतील, कितीदा, आणि त्या आत काय करत असतील? विचारायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा संपली. ती टेबलाशी बसली, कानात फोन, शेजारी रिकामी पेटी. टीव्ही बंद होता. अण्णा घरभर फिरून आले. "ही कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"पैलवानापाशी बसल्यात."

अण्णा वजनखोलीपाशी गेले. त्यांनी दार हलकेच ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

"झालं का गं?" त्यांनी हाक मारली.

"नाही," आतून सासूबाईंचा आवाज आला. "अजून वेळ आहे."