माझी पाठ होती

नीलिमा कुठंही जायची ती अर्धा तास आधी. अंगणवाडी दहाला उघडत असली, तर साडेनऊला ती लेकीचं, गुड्डीचं बोट धरून बंद दारापुढं उभी. कुलूप काढता काढता सेविका म्हणायची, "ताई, तुमचं घड्याळ पुढं आहे का आमचं वाशीम मागं?" लसीच्या दिवशी दवाखान्यात पहिला नंबर तिचा. गाडी लागायच्या आधी स्टँडवर तिची पिशवी येऊन बसलेली. नवरा अनुप चारचौघांत सांगायचा, "हिनं एम.ए. मराठीत केलं, पण स्पेशल विषय घड्याळ होता." लोक हसायचे, तीही हसायची. पण डोळ्यांसमोर एखादं फाटक ओढलं जाऊ लागलं, अगदी रेल्वेचं असलं तरी, ती मान वळवून घ्यायची. का, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा जूनमध्ये तिचा थोरला भाऊ संघपाल दक्षिण आफ्रिकेला गेला. संघपाल मेडशीकडं लाइनमन. दिवसभर खांबावर, आणि ड्युटीच्या आधी उजाडायच्या वेळी डांबरी रस्त्यावर पळत. आधी लोक म्हणायचे, तार तुटली असन कुठं, म्हणून पळून राह्यला. मग मुंबई, हैदराबादच्या शर्यतींचे बिल्ले घरी आले तेव्हा लोक गप्प झाले. आता अडतिसाव्या वर्षी त्यानं कॉम्रेड्सचं नाव काढलं. जगात गाजलेली शर्यत. नव्वद किलोमीटर, बारा तास. म्हणजे वाशीमहून पायी निघायचं, अकोला गाठायचं आणि तिथंही थांबायचं नाही.

आईला, केशरबाईला, हे काही केल्या पटेना.

"जितलं तं काय भेटते?"

"जितायचं नाई माय. पोचलं का बिल्ला भेटते."

"आन बारा तासात नाई पोचला तं?"

"तं बिल्लाबी नाई."

"मंग इथंच पळ ना बापा. थकला का घरी तरी येशीन."

शर्यतीच्या दोन दिवस आधी त्याचा व्हिडिओ कॉल आला. हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर बसून तो लहान पोरासारखा सांगत होता.

"निलू, इथली एक रीत लय भारी हाये. बारा तास भरले का एक माणूस बंदूक उडवते. उडाली का खलास. एक पाऊल बाहीर राह्यलं तरी बाहीरच. आन तो माणूस पाठ करून उभा राह्यते. येणाऱ्यायकडं पाहतच नाई."

"काहून?"

"पाह्यलं तं हात थांबन ना त्याचा. समोरून एखादा मरत पडत येऊन राह्यला, दोन पावलं राह्यली, मंग कोन्या माणसाच्यानं बंदूक उडते?" तो हसला. "तुह्यासारखंच झालं हे. तुहीबी पाठच होती ना तवा गेटपाशी."

नीलिमानं सांगितलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता.

त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली होती. किन्हीराजापासून आत, ज्याची रस्त्यावर पाटीही नव्हती असं त्यांचं गाव. शाळा तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर. नीलिमा पाचवीत, संघपाल दहावीत. मुख्याध्यापक हेमसिंग सर शिस्तीचे. प्रार्थना व्हायची, मग प्रतिज्ञा. प्रतिज्ञेचा शेवटचा शब्द पडला की फाटकाची कडी लागायची. जो बाहेर, तो दिवसभर गैरहजर. आधीचा मॉनिटर दोस्तांना आत घ्यायचा, म्हणून सरांनी त्याच्या गळ्यातली शिटी काढून नीलिमाच्या गळ्यात घातली. पहिल्यांदा मुलीच्या गळ्यात, आणि पहिल्यांदा त्यांच्या वस्तीतल्या कुणाच्या. सर म्हणाले, "फाटकापाशी नातं नसते, हे ध्यानात ठेव." मागून कुणी पोरगं कुजबुजलं, "आता हिच्या घरचे बैलगाडीनं आले तरी चालते." नीलिमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

तिसऱ्याच दिवशी ती कंपास घरी विसरली. अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं, आणि गणिताची चाचणी म्हणून ती रडू लागली. संघपाल म्हणाला, "तू चाल पुढं. मी आलोच." चप्पल हातात घेतली आणि उलटा पळाला. त्या दिवशी त्यालाही काम होतं. तालुक्याच्या स्पर्धेला पळणाऱ्या पोरांना न्यायला जीप यायची होती. आठशे मीटरला शाळेत त्याच्या पुढं कुणी नव्हतं. तालुका झाला की जिल्हा, आणि जिल्ह्यात निघाला तर खेळाच्या वसतिगृहात राहणं-शिकणं, असं खेळाच्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं.

प्रतिज्ञा चालू होती. सगळ्या रांगांची तोंडं झेंड्याकडं. रस्त्याकडं तोंड असलेली एकटी नीलिमा, हात कडीवर.

आणि तो दिसला. हापशीच्या वळणावरून येत होता. बाबांची पॅन्ट कमरेला सुतळीनं बांधलेली, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाची बटणं उघडी, पाय उघडे, तोंड वासलेलं, आणि हातात उंच धरलेली तिची गुलाबी कंपास. त्यानं तिला पाहिलं आणि तो हसला.

तिला लाज वाटली. आता हा धापा टाकत आत येईल, रांगा वळून बघतील, आणि सगळ्या शाळेला कळेल की सुतळीवाला हा आपला. प्रतिज्ञेचं शेवटचं वाक्य अजून व्हायचं होतं. अख्खं वाक्य. नीलिमानं कडी घातली, आणि मग पाठ केली. त्या क्रमानं.

तो फाटकाला येऊन थडकला तेव्हा सगळे वळले. हेमसिंग सरांनी विचारलं, "भाऊ होता ना तुझा? दिसला नाही का?"

"माझी पाठ होती सर."

सर म्हणाले, "शाब्बास."

संघपालनं वाद घातला नाही. गजांतून हात घालून कंपास तिच्याकडं दिली. "घे. पेपर हाये ना तुहा." जीप पोरांना घेऊन निघाली तेव्हा फाटक उघडायला तीच गेली. तो बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी उभा होता. तो गैरहजर, म्हणून जीपमध्ये त्याच्या जागी दुसराच पोरगा बसलेला होता. खेळाचे सर जीपमधून काही बोलले, त्यानं मान हलवली. तिनं जीप जाऊ दिली आणि पुन्हा कडी लावली. चाचणीत तिला वीसपैकी एकोणीस पडले.

पुढं संघपाल दहावीला गणितात नापास झाला, वायरमनचा कोर्स केला, लागला कामाला. कुणी म्हणालं नाही की त्या दिवसामुळं. तोही म्हणाला नाही. उलट ती गोष्ट घरात कौतुकाची झाली. पाहुणे आले की केशरबाई सांगायची, "आमची निलू गेटवर असली का सख्ख्या भावालेबी सोडत नाई." नीलिमाला बघायला आलेल्या अनुपच्या माणसांनाही तिनं हेच सांगितलं होतं. त्यांना मुलगी पसंत पडली होती.

तो आफ्रिकेला निघाला तेव्हा नीलिमानं ठरवलं होतं, या वेळी सांगायचं. नागपूरच्या विमानतळावर सोडायला ती मुद्दाम गेली. बॅगेत त्यानं ज्वारीच्या पिठाची पुडी घेतली होती, ती काढावी की ठेवावी यावर बोलणं झालं. तेवढंच झालं.

शर्यतीच्या रविवारी अनुपनं मोबाइल टीव्हीला जोडला. केशरबाई गावाहून आली होती. आपल्याकडं नाश्त्याची वेळ, तिथं अजून अंधार. हजारो माणसं एकदम निघाली आणि त्यात संघपाल कुठं ते काही कळेना. पण फोनवर त्याचा नंबर टाकला की कुठल्या टप्प्यावर किती वाजता पोचला ते दिसायचं. नीलिमा ते दर दोन मिनिटांनी बघत होती. टप्प्याटप्प्यालाही वेळ ठरलेली. चुकली तर तिथूनच गाडीत बसवून नेतात.

"रस्त्यात चहा तरी देतेत का?" केशरबाईनं विचारलं.

"उकडलेले बटाटे देतात, आई. मीठ लावून," अनुप म्हणाला.

"मंग बरं हाये."

अर्ध्यात तो पाच तास पन्नास मिनिटांना पोचला. अनुप म्हणाला, झालंच. पण पुढं उतार होता, आणि चढापेक्षा उतार मांड्या खातो. आकडे मागं मागं पडू लागले. दुपारभर नीलिमा कागदावर हिशेब करत बसली, उरलेले किलोमीटर भागिले उरलेली मिनिटं. गुड्डी दोनदा पडली, एकदा रडली, ते तिला मागाहून कळलं.

इथं जेवणं उरकत आली तेव्हा तिथं शेवटची मिनिटं लागली. टीव्हीवर नुसती शेवटची रेघ आणि वर पळणारं घड्याळ. माणसं येत होती ती पळत नव्हती, पडायची राहिली होती एवढंच. कुणी वाकडं, कुणी दुसऱ्याच्या गळ्यात. आणि रेघेपाशी एक माणूस, बंदूक घेतलेला, त्या सगळ्यांकडं पाठ करून.

"तो हाये," केशरबाई म्हणाली.

"कुठं?"

"तो. डावा खांदा पाडून. लहानपणापासून तसाच पळते."

दिसला. गर्दीच्या मागं, निळी टोपी, तोंड वासलेलं. अठरा-वीस पावलं. घड्याळात चार सेकंद, तीन.

"एकडाव मागं पाह्य रे बापा," केशरबाई त्या पाठमोऱ्या माणसाला म्हणाली. हळूच, शेजारच्याला सांगावं तसं.

बंदूक उडाली. शर्यतीच्या माणसांनी हाताला हात धरून रेघेवर भिंत केली. संघपाल त्या भिंतीपाशी येऊन थांबला, गुडघ्यांवर हात टेकले. मग कॅमेरा दुसरीकडं गेला.

मग केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्याले तरी काय म्हनावं. त्याची पाठ होती. दिसलं असतं तं थांबला असता."

नीलिमा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. तो माणूस अनोळखी होता, त्यानं पाठ केली ती नजर चुकवायला नव्हे, कुणाला एक सेकंदही कमी मिळू नये आणि जास्तही मिळू नये म्हणून. त्यानं घड्याळाच्या आधी बंदूक उडवली नव्हती. आणि आपण त्याच्या पंगतीला जाऊन बसलो होतो. तेवीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती अंगणवाडीच्या बंद दारापुढं उभी असताना संघपालचा फोन आला. आवाज बसलेला, पण खुशीत.

"पाह्यलं का मले? माय म्हने, टीव्हीत आलतो."

"पाहिलं दादा. पाय कसे आहेत?"

"पाय कुठी हायेत, शोधून राह्यलो." तो हसला. "निलू, एक सांगू? हसशीन."

"सांग."

"लहानपणी मले वाटे, तुनं मले पाह्यलं होतं. गेटपाशी. तुहं तोंड दिसल्यासारखं वाटलं होतं मले. तू म्हणली पाठ होती, मंग मी म्हटलं पाठच असन, पळता पळता डोळ्यात घाम जाते. पण मनात राहूनच गेलं होतं बेटं. काल त्या बंदूकवाल्या बुढ्याची पाठ पाह्यली अन् पटलं. समोर येऊन राह्यलेला माणूस खरंच दिसत नाई. मनातून गेलं माह्या. बरं वाटलं."

गुड्डी पायरीवर बसून चपलेचा पट्टा काढत होती, लावत होती. नीलिमाला वाटलं, राहू द्यावं. बिल्ला नाही मिळाला त्याला, हे तरी मिळालंय. हे काढून घेणारी आपण कोण? आणि लगेच तिला कळलं की हा विचारसुद्धा कडी लावण्याचाच आहे.

"दादा," ती म्हणाली, "मी पाह्यलं होतं तुले."

गुड्डीनं पट्टा पुन्हा काढला.

"माह्यी पाठ नव्हती. आधी कडी लावली, मंग पाठ केली. तुह्या पॅन्टीले सुतळी होती. मले लाज वाटली तुही." तिनं पुढचंही सांगितलं. "आन वेळ झाली नव्हती. शेवटचं वाक्य बाकी होतं."

त्याच्या मागं कुणीतरी परक्या भाषेत बोलत होतं, कपबश्या वाजत होत्या. त्यानं फोन ठेवला असता तरी तिनं पुन्हा लावला नसता.

"कुठीसा होतो मी?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. पळणारा माणूस अंतर विचारतो तसं विचारलं.

"हापशीच्या अलीकडं."

तो मनात मोजत असावा. हापशीपासून फाटक, आणि एक अख्खं वाक्य.

"मंग आलो असतो मी," तो म्हणाला.

"हो दादा. आला असता."

मग त्यानं घसा साफ केला. "गुड्डीले दे फोन."

तिनं फोन खाली केला. गुड्डीनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला, मामानं काय विचारलं ते ऐकलं आणि मान वर करून दाराकडं पाहिलं.

"नाही मामा, अजून उघडलं नाही. आम्ही लवकर आलो."